सावेडीतलं भाडं, कॅलिफोर्नियाचा कर

अहिल्यानगरच्या सावेडीत फ्लॅट आणि घरमालक कॅलिफोर्नियात, अशा वेळी भाड्यावर कर कुठे भरायचा? दोन्हीकडे हिशेब द्यावा लागतो, हे मालकाने आधीच जाणलेलं बरं. आपल्या राज्यघटनेने शेतीखेरीजच्या उत्पन्नावरचा कर केंद्राकडे ठेवला आहे. म्हणून श्रीरामपूरकराच्या बंगळुरूतल्या भाड्यावर कर्नाटक वेगळा प्राप्तिकर लावत नाही. अमेरिकेत मात्र बहुतेक राज्यं स्वतःचा प्राप्तिकर घेतात. कॅलिफोर्निया तर आपल्या रहिवाशाच्या जगभरच्या उत्पन्नावर तो आकारतं. टेक्ससमध्ये हा करच नाही.

‘भारतात कर कापला गेला, मग पुन्हा कशाला?’ हा आक्षेप रास्त वाटतो. पण दुहेरी कर टाळण्यासाठीचा भारत-अमेरिका करार तिथल्या केंद्रीय करापुरता आहे, आणि परदेशात भरलेल्या कराची वजावट कॅलिफोर्निया देत नाही. शिवाय कापलेला कर म्हणजे अंतिम कर नव्हे. समजा, भाडं महिना २०,००० आहे. मालक अनिवासी असल्याने भाडेकरूने ३१.२ टक्के, म्हणजे ६,२४० रुपये कापायचे. वर्षाच्या २,४०,००० मधून भरलेली १०,००० घरपट्टी आणि उरलेल्याच्या ३० टक्के वजा जाता करपात्र रक्कम १,६१,००० उरते. इथे दुसरं उत्पन्न नसेल, तर ती करमुक्त मर्यादेतच बसते आणि विवरणपत्र भरल्यावर कापलेली रक्कम परत मिळते. कापलं म्हणजे संपलं, असं समजणाऱ्याचं नुकसान दोन्हीकडे होतं: इथला परतावा बुडतो, तिथे दंड बसतो.