लाल मोटार आणि वेगाचा दंड

आमच्या धाकट्या चिरंजिवांनीं मोटार घेण्याचा बेत केला, तेव्हां एका शेजाऱ्यांनीं बजावलें, "लाल रंग घेऊं नका, पोलिसांची दृष्टि प्रथम तिकडेच जाते." हा समज कितपत खरा?

महामार्गावर वेग मोजण्यास रडारयंत्र वापरतात. त्याच्या लहरी नभोवाणीच्याच जातीच्या. एका प्रचलित यंत्रांत त्यांची लांबी सुमारें सव्वा सेंटिमीटर असते. तांबड्या प्रकाशाच्या लहरीची लांबी सेंटिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनहि कमी. अर्थात् ह्या यंत्रास रंग दिसतच नाहीं. गाडीवरून परतलेल्या लहरींची कंपनसंख्या बदलते, आणि डॉप्लरनें १८४२ सालीं मांडलेल्या तत्त्वानुसार त्या फरकावरून वेग कळतो.

शिपायाचा डोळा भडक रंगाकडे वळेलहि. परंतु १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें १८३ वें कलम वेगाचाच विचार करितें, रंगाचा नव्हे.

वेग दुप्पट झाला कीं ब्रेक दाबल्यावर गाडी थांबण्यास सुमारें चौपट अंतर लागतें. रस्ता ओलांडणाऱ्या मुलाचा जीव त्या अंतरावर अवलंबून असतो. म्हणून चिरंजिवांस मीं एवढेंच सांगितलें: रंग तुझ्या आवडीचा घे; वेग मात्र मर्यादेंतच ठेव.