नौकेची कांती

बालाघाटाच्या डोंगररांगेतील येरमाळ्याला चैत्री पौर्णिमेची यात्रा भरते, येडेश्वरीची पालखी आमराईकडे निघते आणि तेथल्या रानात लाखो भाविक चुनखडीचे खडे वेचतात. त्या चुन्याने देवीचे मंदिर रंगविण्याची रूढी पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. समुद्रापासून इतक्या दूरच्या मुलखातील वाचकाला शिडाच्या नौकेच्या कायेविषयी काही सांगावयाचे, तर प्रारंभ या चुन्यापासूनच करणे युक्त होय. कारण हिंदी महासागरात वावरणाऱ्या जहाजांचे रक्षण एके काळी चुन्याच्याच लेपाने होत असे. चुना, बारीक कातरलेले तंतू आणि एका झाडाचे तेल एकत्र कुटून त्याचा लेप जहाजांना देतात, अशी नोंद तेराव्या शतकातील प्रवासी मार्को पोलो याने करून ठेवली आहे. पुढे चुन्याची जागा तांब्याच्या पत्र्याने घेतली. त्याच तांब्याच्या काळात जहाजे बांधणाऱ्या वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत बांधली गेलेली आणि १८१७ साली पाण्यात उतरलेली ‘ट्रिंकोमाली’ ही सागवानी युद्धनौका आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे तरंगत आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर सागवानाची जागा फायबरग्लासने, म्हणजे रेझिनमध्ये भिजवून घट्ट केलेल्या काचतंतूंच्या थरांनी घेतली. अशी नौका साच्यात घडते, आणि साच्यात सर्वांत आधी जो रंगीत रेझिनचा थर चढवितात, तोच नौका बाहेर निघाल्यावर तिची त्वचा ठरतो. यालाच जेलकोट म्हणतात. त्याची जाडी साधारणतः अर्धा मिलिमीटर, आणि एवढ्याशा थरावर ऊन, खार व पाणी या तिघांचा भार. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण रेझिनच्या रेणुशृंखला तोडीत जातात, वरचा भाग सच्छिद्र होतो, चकाकी लोपते, आणि मग नौकेच्या अंगावरून तळहात फिरवला की त्याला खडूसारखी भुकटी लागते. निळ्या अथवा तांबड्या नौकेवर हा प्रकार अधिक लवकर नजरेस येतो.

येथेच चुना आणि जेलकोट यांच्या वाटा भिन्न होतात, आणि नौका बाळगणाऱ्याने हा भेद मनात पक्का ठसवावा, असे मला फार वाटते. भिंतीला दरसाल चुना द्यावा, ती दरसाल जाड होत जाते. जेलकोट मात्र उजळावयाचा म्हणजे वरचा मेलेला पापुद्रा काढून खालचा निरोगी थर उघडा करावयाचा, त्यामुळे प्रत्येक जीर्णोद्धारागणिक तो घटत जातो. म्हणून घासण्यात काटकसर करावी आणि राखण्यात हात सैल सोडावा.

काम आरंभण्यापूर्वी नौका गोड्या पाण्याने धुवावी, आणि अंगावरचे जुने मेण द्रावकात भिजवलेल्या फडक्याने पुसून लगेच कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे. ही खबरदारी न घेतल्यास मेण व सिलिकॉन घासकागदाबरोबर घासले जाऊन छिद्रांत भरतात, आणि पुढे कधी रंग द्यावयाची वेळ आली तर तो तेथे धरीत नाही. नंतर एका कोपऱ्यात नुसते रबिंग कंपाउंड, म्हणजे घासून उजळा देणारा लेप, लावून पाहावे. तेवढ्याने झळाळी परतली तर कागदाला हात लावण्याचे प्रयोजनच उरत नाही. न परतल्यास हजार नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून वापरावा, आणि पृष्ठभाग फारच गेलेला असेल तरच सहाशेपासून प्रारंभ करावा. जाणते कारागीर घासण्यापूर्वी अंगावर पेन्सिलीच्या आडव्याउभ्या फिकट रेघा ओढतात. रेघा पुसल्या की तेथला हात थांबतो, त्यामुळे एके ठिकाणी अधिक व दुसऱ्या ठिकाणी कमी असे होत नाही. घासताना नौकेच्याच रंगाचे दुधाळ पाणी ओघळू लागते. ते पाहून मन हरखते खरे, परंतु खर्ची पडत असतो तो जेलकोटच. पुढे दीड हजार, दोन हजार, मग कंपाउंड, मग बफिंग. कडा व कोपरे येथे थर पातळ असतो आणि यंत्राचा दाब नेमका तेथेच अधिक पडतो, म्हणून त्यांवर कागदी पट्टी चिकटवून ते शेवटी हाताने करावेत. सर्वांत वर कार्नोबा मेणाचा हात द्यावयाचा. ऊन आणि खार यांनी झिजवावे ते या मेणाला.

सर्वच नौका मात्र साच्यातून येत नाहीत. गोव्यात मांडवीच्या पात्रातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात भारतीय नौदलासाठी बांधलेल्या आणि १२ फेब्रुवारी २००९ रोजी नौदलात दाखल झालेल्या ५६ फुटी ‘म्हादेई’चे अंग लाकडी पट्ट्यांचे, इपॉक्सी व काचकापडाने मढविलेले आहे. दिलीप दोंदे यांनी तिच्यातून १९ ऑगस्ट २००९ ते १९ मे २०१० या अवधीत एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असा पराक्रम करणारे ते पहिले भारतीय. पुढे अभिलाष टॉमी यांनी याच नौकेतून, कोठेही न थांबता, तीच प्रदक्षिणा पूर्ण केली. अशा बांधणीत साच्याचा गुळगुळीतपणा आयता मिळत नाही. लांबी भरून, लांब फळीला लावलेल्या कागदाने घासून अंगाचा बाक एकसारखा करावा लागतो आणि वर दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग चढवितात. या रंगाची चकाकी त्याच्या सर्वांत वरच्या पापुद्र्यात असते, म्हणून जेलकोटला चालणारे खरखरीत कंपाउंड येथे अपायकारक ठरते. नुसते धुणे आणि सौम्य मेण एवढेच पुरे.

जलरेषेखाली प्रश्न निराळा. पाण्याचे सूक्ष्म अंश जेलकोटमधून झिरपून आतील विद्राव्य द्रव्यांशी मिळतात, त्या द्रावाकडे आणखी पाणी ओढले जाते आणि दाबाने फोड उठतात; असा फोड फोडला असता व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. तेथे रंग फासून भागत नाही. खराब भाग खरवडून, गोड्या पाण्याने पुनःपुन्हा धुऊन, अंग पूर्ण सुकेपर्यंत धीर धरावयाचा आणि मगच इपॉक्सीचे हात द्यावयाचे. त्यावर शंखशिंपले बसू नयेत म्हणून तांबेयुक्त रंग येतो. पूर्वी यासाठी कथिलाची जहाल संयुगे वापरीत, पण ती कालवादी जीवांना घातक ठरली, आणि २००८ सालापासून आंतरराष्ट्रीय कराराने ती निषिद्ध झाली.

कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर या सर्व कामाचा हंगाम हिवाळ्यात. पावसाळ्यातील दमट हवेत रंग नीट धरीत नाही, वैशाखात रेझिन हाताळण्याआधीच आवळू लागते. आणि थंडीतही सायंकाळच्या दवाने ओल्या रंगाची चकाकी मरते, म्हणून शेवटचा हात दुपारपूर्वी आटोपावा. मेण वर्षातून दोनदा द्यावे, त्यातील एकदा पावसाळ्यासाठी नौका शाकारण्यापूर्वी. शाकारताना ताडपत्री अंगाला टेकू देऊ नये. वाऱ्याने ती हलत राहते, खाली अडकलेला ओला खार कागदासारखा घासतो, आणि हिवाळ्यात आणलेली कांती भाद्रपदापर्यंत ठिकठिकाणी मलूल होते. बांबूची चौकट उभारून दोन्ही बाजूंनी वारा खेळता ठेवला, तर एवढा बंदोबस्त पुरतो.