एका पेशीत तीन धडे

परीक्षा जवळ आली, की पेशी, प्रथिने व रोगप्रतिकार हे धडे मुले निरनिराळे घोकू लागतात. वस्तुतः ते एकमेकांत गुंफलेले आहेत. मलाजखंडच्या मुलांना त्याचे उदाहरण शोधावयास दूर जावे लागत नाही. बालाघाट जिल्ह्यात आढळणारा सिकलसेल आजार हेच ते उदाहरण होय.

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले, की प्राणवायू सोडल्यावर हे रेणू एकमेकांस चिकटतात व तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. आजारी मुलाची प्लीहा लवकर निकामी होते. म्हणून जंतुसंसर्गाविरुद्ध लशी आवश्यक ठरतात. मात्र दोष आईवडिलांपैकी एकाकडूनच आला, तर मूल सहसा निरोगी असते व तीव्र हिवतापापासून त्याचे बरेच रक्षण होते.

पालकहो, उजळणी घेताना केवळ व्याख्या विचारू नका. ‘असे का होते?’ हेही विचारा. वधूवर दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास आजाराचा संभव चारात एक असतो. हे उत्तर ज्यास उमगले, तो उद्या विवाहापूर्वी रक्त तपासून घेण्यास संकोचणार नाही.