यादी पे शादी

एप्रिल २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, महाराष्ट्र सरकारने लग्नाला २५ माणसं आणि दोन तास एवढीच मुभा दिली. नियम मोडणाऱ्याला ५० हजारांचा दंड होता. कुणी दारातल्या मांडवात, कुणी गच्चीवर लग्नं उरकली. निर्बंध उठले तशी कार्यालयं पुन्हा भरली, पण त्या दिवसांत एक गोष्ट अनेक घरांच्या लक्षात आली होती. लग्नाचा खर्च हारतुऱ्यांनी वाढत नाही, माणसांनी वाढतो.

हिशेब सोपा आहे. समजा, ताट ३०० रुपयांचं ठरलं. ८०० माणसं जेवली तर २ लाख ४० हजार, २५० जेवली तर ७५ हजार. शिवाय कार्यालय केवढं घ्यायचं, खुर्च्या किती, वाढपी किती, पाण्याचे जार किती, हे सगळं त्याच आकड्यामागून येतं. पत्रिका व्हॉट्सॲपवर पाठवून दोन-चार हजार वाचवायचे आणि त्याच पत्रिकेत ‘सहकुटुंब सहपरिवार’ लिहून अख्खा तालुका बोलवायचा, ही काटकसर नव्हे.

आकडा कमी करणं मात्र अवघड. भावकी आहे, गावकी आहे, ज्यांच्या घरी आपण जेवून आलो त्यांना कसं टाळणार? त्यावर मानपान. फेटे, शाल-श्रीफळ, टॉवेल-टोपी, करवल्यांच्या साड्या. मुहूर्त टळून गेला तरी माईकवरून पुढाऱ्यांची नावं पुकारली जात असतात आणि नवरा-नवरी अंतरपाटामागे ताटकळत उभे. फेटा बांधून घेणाऱ्यालाही तो घरी नेऊन काय करायचा, हा प्रश्न असतोच. आहेर घ्यायचाही नाही आणि द्यायचाही नाही, असं दोन्हीकडून आधीच ठरलं तर बस्त्याचा बोजा बराच उतरतो. एकट्या बाजूने ठरवलं तर रुसवे-फुगवे ठरलेले.

या सगळ्यावर ग्रामीण महाराष्ट्राने स्वतःचा उपाय कधीच शोधला आहे. सोयरीक जुळली की दोन्हीकडची वडीलधारी मंडळी बसून ‘यादी’ करतात: कार्यालय कुणाचं, जेवण कुणाचं, कपडे कुणी घ्यायचे, दागिना किती. एखाद्या वेळी बैठकीतच कुणी म्हणतं, सगळे जमलेच आहेत, तर आजच अक्षता टाकून घेऊ. बाजारातून मणी-मंगळसूत्र येतं, हार येतात आणि संध्याकाळी वरात दारात. हीच ‘यादी पे शादी’. साखरपुड्यात लग्न उरकणं हा त्याचाच भाऊ. एक कार्यालय, एक जेवण, एकदाच गाड्या. दुष्काळाच्या वर्षी किंवा पिकाला भाव नसताना अशा लग्नांचं कौतुकच होतं. नवरीला मात्र त्या घाईत नीट विचारलेलं असावं, एवढं पाहायला हवं.

यादीची दुसरी बाजू काळी आहे. ‘मुलीला काय घालणार’ या प्रश्नाआडून हुंडा याच कागदावर शिरतो. १९६१च्या कायद्याने हुंडा घेणं आणि देणं दोन्ही गुन्हा आहे. कायद्यालाही एक यादी हवी असते, पण ती वेगळी: वधू-वरांना मिळालेल्या भेटवस्तूंची लेखी नोंद. ती फारसं कुणी करत नाही. २०२५ मध्ये सोन्याने तोळ्याला लाखाचा टप्पा ओलांडला, तेव्हापासून ‘फक्त पाच तोळे’ हे शब्द ऐकणाऱ्या बापाच्या पोटात गोळा येतो. दोन वाट्यांचं साधं मंगळसूत्र घेऊन उरलेले पैसे मुलीच्या नावावर ठेवणारी घरं आता दिसतात.

कमी खर्चातल्या लग्नाला इथे जुनी परंपरा आहे. २५ डिसेंबर १८७३ रोजी जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने पुण्यात पुरोहिताविना पहिलं लग्न लावलं. दक्षिणा नाही, डामडौल नाही. विरोध झाला, तरी लग्न लागलंच. त्या पद्धतीने आजही लग्नं लागतात.

सामुदायिक विवाहाकडे पूर्वी ‘गरिबांचं लग्न’ म्हणून पाहिलं जायचं. राज्याच्या शुभमंगल योजनेत पात्र कुटुंबातल्या वधूसाठी मिळणारं अनुदान १० हजारांवरून २५ हजार झालं आहे. सामुदायिक सोहळ्याबरोबर नोंदणी विवाहालाही ते लागू आहे, हे अनेकांना माहीत नसतं. आंतरजातीय विवाहाची ५० हजारांची योजना वेगळी. अर्ज करण्याआधी अटी आणि कागदपत्रं संबंधित कार्यालयात विचारून घ्यावीत.

सर्वांत स्वस्त वाट विशेष विवाह कायद्याची. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, ३० दिवस थांबायचं, तीन साक्षीदारांसमोर सह्या करायच्या. दोघांपैकी एकाचा त्या जिल्ह्यात नोटिशीआधी किमान ३० दिवस मुक्काम हवा. नोटिशीची मुदत तीन महिन्यांची असते, त्यामुळे संध्याकाळच्या छोट्या जेवणासाठी हॉलची तारीख घेण्याआधी नोटीस देऊन टाकलेली बरी.