पोथी लावता, तसे पुस्तकही लावा

श्रावण लागला की आपल्या गावात पोथी लागते. देवळात नाहीतर कुणाच्या ओसरीवर एकजण वाचतो, एकजण अर्थ सांगतो आणि बाकीची मंडळी ऐकतात. ऐकणाऱ्यांपैकी किती जणांना अक्षर येते, हे कुणी विचारीत नाही. वाचकहो, हीच जुनी रीत धरून महिन्याला एक पुस्तक गावात लावता येईल. ज्याने त्याने घरी वाचून यावे म्हटले, तर म्हातारी माणसे आणि शाळा लवकर सुटलेल्या बाया बाहेरच राहतील. म्हणून मोठ्याने वाचणे हाच आपला मार्ग.

पुस्तक निवडताना शेतीचे दिवस बघावेत. वैशाखात, भुईमुगाच्या पेरणीआधी, वीणा गवाणकरांचे 'एक होता कार्व्हर' (1981) लावावे. गुलामीत जन्मलेला हा शास्त्रज्ञ अमेरिकेतल्या अलाबामाच्या शेतकऱ्यांना सांगत राहिला, की कापसाने कस गेलेल्या जमिनीत भुईमूग घ्या, चवळी घ्या. या पिकांच्या मुळांवरच्या गाठींत हवेतला नत्र साठतो, हे पुढे आपल्याच शेतातले रोप उपटून पोरांना दाखवता येते.

पेरणीच्या धांदलीत जाड कादंबरी लावू नये. दुसऱ्याच रात्री ओसरी रिकामी होईल. तेव्हा व्यंकटेश माडगूळकरांचे 'माणदेशी माणसं' बरे. एका बैठकीत एका माणसाची हकिगत पुरी होते. त्यांचीच 'बनगरवाडी' (1955) पौषातल्या लांब रात्रींसाठी ठेवावी. धनगरांच्या वाडीवर आलेला तरुण मास्तर आणि तिथला दुष्काळ आपल्या माणसांना समजावून सांगावा लागत नाही.

एक महिना बहिणाबाई चौधरींच्या गाण्यांचा असावा. शेतात राबणाऱ्या या माउलीला लिहिता-वाचता येत नव्हते. मुलगा सोपानदेव यांनी गाणी उतरवून ठेवली म्हणून ती उरली. त्या 1951 साली गेल्या आणि 1952 साली पुस्तक निघाले. अक्षर न येणाऱ्या आजीला त्या महिन्यात मुद्दाम पुढे बसवावे आणि तिच्या जात्यावरच्या ओव्या नातीने वहीत लिहून घ्याव्यात. पुस्तक लावण्याचे तेवढे फळ पुरे आहे.

आता एक अवघड पुस्तक. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'ला 2004 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. शिकून नोकरी न लागलेला एकनाथ, न परवडणारी शेती, घरातली धुसफूस, सगळे त्यात आहे. आपल्यावरचे कर्ज माणूस चारचौघांत बोलत नाही, पण एकनाथचे दुःख बोलता येते. बोलता बोलता मनावरचे ओझे थोडे हलके होते. मात्र 'तुमच्यावर किती आहे?' असे कुणी कुणाला विचारायचे नाही, हा नियम कडक पाळावा. आणि वाचन ऐकता ऐकता कुणी एकदम गप्प झाला, येईनासा झाला, तर दुसऱ्या दिवशी सकाळीच दोघांनी त्याच्या घरी चहाला जावे. उशीर करू नये.

व्यवस्था फार लागत नाही. आठवड्यातला एक वार ठरवावा, तासभर वाचावे, अर्धा तास बोलावे. वाचायला शाळेतली मुले-मुली पाळीपाळीने बसवावीत; त्यांचीही जीभ सुधारते. प्रत एकच लागते. ती जवळच्या वाचनालयातून आणावी, नाहीतर वर्गणी काढून विकत घ्यावी. बायांना वेळ सोयीची आहे की नाही, हे आधी बायांनाच विचारावे. भाकरी-भांडी आटोपल्याशिवाय त्या येणार कशा?

गावात पुस्तके कोण बघतो, असे म्हणणाऱ्यांना सातारा जिल्ह्यातल्या भिलारचे नाव सांगा. स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या या गावाने 4 मे 2017 पासून आपल्या घरांची दारे पुस्तकांसाठी उघडली आणि ते 'पुस्तकांचं गाव' झाले. आपल्याला तर एकच ओसरी, एक दिवा आणि एक पुस्तक हवे. येत्या महिन्याचे पुस्तक आज रात्री जेवताना घरातच ठरवा.