येरवडा चक्र: पेटीत मावणारा चरखा आणि एका रुमालाचं गणित

इन्स्टावर सध्या विणकामाचे, गोधड्यांचे रील्स तुम्हीही बघत असाल. लोकरीच्या टोप्या, जुन्या साड्यांच्या गोधड्या, मागे शांत म्युझिक. अधूनमधून त्यात एक लाकडी पेटी दिसते. झाकण उघडलं की आत दोन चकत्या, एक मूठ. मूठ फिरवली की कापसाचा धागा निघायला लागतो.

हा पेटी चरखा. त्याचं दुसरं नाव आहे येरवडा चक्र. हो, आपलंच येरवडा.

१९२९ मध्ये अखिल भारत चरखा संघाने चांगल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. अट अशी की चरखा हलका हवा, घरातल्या बाईला आठ तास न दमता चालवता यायला हवा आणि किंमत दीडशे रुपयांच्या आत हवी. ते बक्षीस शेवटपर्यंत कुणालाच मिळालं नाही. पण मे १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहानंतर गांधींना अटक करून येरवड्याच्या तुरुंगात आणलं आणि तिथे त्यांनी दोन चाकांच्या, बंद करून हातात नेता येईल अशा चरख्यावर बरंच काम केलं. त्यावरून हे नाव पडलं. त्यांनी येरवड्यात वापरलेला एक चरखा पुढे एका अमेरिकन मिशनऱ्याकडे गेला आणि २०१३ मध्ये इंग्लंडमधल्या लिलावात १ लाख १० हजार पौंडांना विकला गेला.

आता दोन चाकं कशाला? कापसाचा तंतू असतो जेमतेम अडीच-तीन सेंटीमीटरचा. एवढे आखूड तंतू एकमेकांना धरून राहायचे तर भरपूर पीळ लागतो, म्हणजे चाती खूप वेगाने फिरायला हवी. जुन्या चरख्यात त्यासाठी भलंमोठं उभं चाक असायचं. पेटीत ते कुठून मावणार? म्हणून मोठी चकती माळेने छोटीला फिरवते आणि छोटी पुन्हा माळेने चातीला. समजा प्रत्येक टप्प्यावर वेग सहापट झाला, तर तुमच्या एका फेरीत चातीच्या छत्तीस फेऱ्या. गिअरच्या सायकलसारखंच, फक्त हे मांडीएवढ्या जागेत. वन बीएचकेमध्ये राहणाऱ्यांनी आनंद मानावा.

आता रील्समध्ये न दिसणारा भाग. उजव्या हाताने मूठ फिरवायची, डाव्या हातात पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची सैलसर वळी. चाती फिरली की पीळ पडतो, तेवढ्यात पेळू हळूच मागे ओढायचा. जास्त ओढला की धागा विरतो आणि हातात येतो. कमी ओढला की पिळाच्या गाठी पडतात. मी पहिल्यांदा बसले तेव्हा पाऊण तासात सलग हातभरसुद्धा धागा निघाला नव्हता. माझी चूक अगदी सगळे करतात तीच होती: पेळू घट्ट आवळून धरला होता. बोटं सैल सोडल्यावर मात्र एकदम जमलं. दोन्ही हातांचं सूत जुळतं म्हणजे काय, हे तेव्हा कळलं.

(टकळीवर शिकणं स्वस्त पडतं. आजी-आजोबांना विचारा, त्यांच्यातल्या अनेकांनी शाळेत टकळीवर सूत काढलेलं असतं. मग बराच वेळ आजीचीच टकळी चालू राहील, ही जोखीम आहे.)

मार्गारेट बर्क-व्हाइट यांचा चरख्यामागे बसलेल्या गांधींचा फोटो तुम्ही पाहिला असेल. तो १९४६ मध्ये पुण्यातच काढलाय. त्यातला चरखा मात्र उभ्या चाकाचा आहे. फोटो काढण्याआधी सूत कातायला शिका, अशी अट गांधींच्या सचिवांनी त्यांना घातली होती आणि त्यांचाही धागा सारखा तुटत होता, असं त्यांनीच सांगितलंय.

‘मग मी याचा शर्ट शिवू शकते का?’ हा प्रश्न येतोच. हिशेब करू. इंचाला चाळीस उभे आणि चाळीस आडवे धागे धरले, तर बारा इंची चौकोनी रुमालाला साधारण तीनशे मीटर सूत लागतं. छत्तीस इंच पन्ह्याच्या एक मीटर कापडाला जवळपास तीन किलोमीटर. शर्टाला सवादोन मीटर कापड म्हटलं तर साडेसहा किलोमीटर. तासाला दीडशे मीटर सूत काढलं, तर रुमाल दोन तासांचा आणि शर्ट त्रेचाळीस तासांचा. विणणं वेगळं, शिवणं वेगळं.

हे आकडे पाहिले की १९२४ च्या बेळगाव काँग्रेसचा नियम किती कडक होता ते कळतं. सभासद व्हायचं तर दरमहा दोन हजार यार्ड सूत द्यायचं. म्हणजे महिन्याला आपले सहा रुमाल. नाराजी इतकी झाली की वर्षभरात तो नियम सैल करावा लागला.

तुमच्यावर तसली सक्ती नाही. म्हणून शर्टाच्या मागे लागू नका, रुमालापासून सुरुवात करा. रोज पंधरा मिनिटं बसलात तर आठ दिवसांत तेवढं सूत होईल. पहिले आठ दिवस सोडून, कारण ते तुटलेले धागे जोडण्यातच जातात.