मित्राची गोष्ट सांगतं कोण?

आपला जीव बाईवरच जडतो, हे मराठी रंगमंचावर सुमित्रा देव नावाच्या मुलीने सांगितलं ते १९८१ साली. अमेरिकन टीव्हीवर एलेन डीजेनेरसच्या एलेन मॉर्गनने ते सांगितलं ३० एप्रिल १९९७ला. त्या रात्री सुमारे चार कोटी वीस लाख लोकांनी तो भाग पाहिला आणि टीव्हीवरच्या लेस्बियन पात्रांचा विषय निघाला की आजही सुरुवात तिथूनच होते. मधली सोळा वर्षं मला फार दिवसांपासून छळतात. खेडच्या वाचनालयातून विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक कॉलेजात असताना घरी आणलं, एका बैठकीत वाचलं, आणि तेव्हापासून पडद्यावर अशी बाई दिसली की मी एकच गोष्ट बघते: हिचं गुपित बाहेर कसं येतं? ती स्वतः सांगते, की कुणाच्या तरी हाती लागतं?

मित्रा, म्हणजे ती सुमित्रा देव, स्वतः सांगते. स्वातंत्र्यापूर्वीच्या पुण्यातली ही कॉलेजकन्यका बापू या लाजऱ्याबुजऱ्या मित्राला सगळं उलगडून सांगते. बघायला आलेल्या मुलाविषयी काहीच वाटलं नाही, म्हणून आपण बाई आहोत की नाही याची परीक्षा तिने घरच्या गड्याबरोबर घेतली. तिथेही काही उमटलं नाही. मग जीव द्यायला निघाली आणि वाचली. या सांगण्यात रडारड नाही. आजारी माणूस डॉक्टरला सांगतो तसंही ते नाही. आपल्या शरीराशी तिने प्रामाणिक झगडा केलाय आणि त्याचा निकाल ती सांगते आहे. इतकी धीट कबुली मी पुढे कुठल्याच पडद्यावर पाहिली नाही.

पण नाटक सांगतो बापू. मित्रा आपल्याला दिसते ती त्याच्या आठवणीतून, आणि तिच्यावर त्याचाही जीव आहे. मित्राचा जीव जिच्यावर जडतो ती नमा देशमुख आणि मित्रा यांना भेटायला जागा नाही, तर आपली खोली तो मोकळी करून देतो. नमावर हक्क सांगणारा दळवी त्या दोघींच्या मध्ये येतो, कॉलेजभर बोभाटा होतो, मित्रा एकटी पडत जाते आणि अखेर आत्महत्या करते. बापू मात्र उरतो, हळहळायला. तेंडुलकरांच्या निडरपणाबद्दल मला अपार आदर आहे, तरी हा शेवट मी त्यांना माफ केलेला नाही. पुढे अमेरिकन मालिकांनीही हेच केलं. २००२ साली ‘बफी’तली टारा गेली, २०१६ साली ‘द हंड्रेड’मधली लेक्सा. दोघी दुसऱ्यावर झाडलेल्या गोळीने मेल्या, आणि दोघींना नुकतंच कुठे सुख मिळालं होतं. लेक्साच्या वेळी तर प्रेक्षक पेटून उठले. मित्रासाठी असं कुणी पेटलं असतं तर!

विनय आपट्यांनी दिग्दर्शित केलेल्या १९८१च्या त्या प्रयोगात मित्रा होत्या रोहिणी हट्टंगडी. पुढच्याच वर्षी ‘गांधी’ आला, त्या कस्तुरबा झाल्या आणि जगाने त्यांना त्या रूपात ओळखलं.

त्याच १९८२ साली जब्बार पटेलांचा ‘उंबरठा’ आला. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवरून त्याची पटकथा लिहिली पुन्हा तेंडुलकरांनीच. महिलाश्रमातल्या दोन बायकांचे संबंध उघडकीस येतात आणि गहजब होतो, तो भाग आठवत असेल. आमच्याकडे हा सिनेमा बघितला तो शेजारच्या पडवीत, दूरदर्शनवर. कुणी वाटाणे सोलत होतं, कुणाच्या मांडीवर पोर झोपलेलं. तो प्रसंग आला तशी एक काकू उठून चहाचं आधण ठेवायला गेली आणि बाकीच्यांचे हात वाटाण्यांवर भराभर चालायला लागले. कुणी काही बोललं नाही. कोकणातल्या नमन या लोकनाट्यात पुरुष नऊवारी नेसून गवळण होतो, तेव्हा याच बायका पहिल्या रांगेत बसून मनापासून हसतात. आश्रमातल्या त्या दोघींकडे मात्र नुसतं बघवलंसुद्धा नाही. चित्रपटालाही त्या फारशा बघवलेल्या नाहीत. स्मिता पाटीलची सुलभा, आश्रमाची अधीक्षक, सहृदय आहे, आश्रमाची कमिटी निष्ठुर आहे, पण दोन्ही बाजू बोलतात त्या दोघींविषयी. त्या दोघींना स्वतःचं म्हणणं मांडायची संधी मिळत नाही. एकाच लेखकाने वर्षभरापूर्वी मित्राला केवढी वाणी दिली होती!

दोन जावांच्या प्रेमावरच्या ‘फायर’ची हकीकत सर्वांना ठाऊक आहे. डिसेंबर १९९८मध्ये मुंबईत थिएटरं फोडली गेली, चित्रपट पुन्हा सेन्सॉरकडे गेला आणि परत पास होऊन आला. ते सोडून, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ मोडीत निघाल्यानंतरच्या काळात थेट येऊ. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ६ सप्टेंबर २०१८चा. २०१९च्या ‘एक लडकी को देखा तो ऐसा लगा’मध्ये स्वीटीचं प्रेम गावासमोर येतं ते नाटकातून, आणि ते नाटक लिहितो तिच्या प्रेमात पडलेला पुरुष. म्हणजे पुन्हा बापूच. २०२२च्या ‘बधाई दो’मध्ये सुमी प्रेयसीसोबत सासूच्या नजरेस पडते. त्याच वर्षीच्या ‘मजा मा’त माधुरी दीक्षितची पल्लवी भांडणाच्या भरात लेकीपुढे बोलून जाते आणि कॅमेरा ते टिपतो. मग व्याह्यांच्या समाधानासाठी तिला खोटं पकडणाऱ्या यंत्रापुढे बसवतात. एलेननेसुद्धा विमानतळावर मन जडलेल्या बाईला सांगताना चुकून मायक्रोफोन चालू केला होता. धक्क्याला धक्का मिळतो, लेखकाचं काम सोपं होतं. पण बाईच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय तिच्या हातून काढून घ्यायचा आणि अपघातावर सोपवायचा, हे मला अन्यायाचं वाटतं.

रवी जाधवांनी तेंडुलकरांच्याच ‘मित्रा’ कथेवरून लघुपट केला. वीणा जामकरची मित्रा त्यात आहे, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरचं पुणं आहे आणि कृष्णधवल चित्रण आहे. बासष्टाव्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट लघुपट ठरला, २०१५ साली ‘बायोस्कोप’मधून थिएटरातही लागला. सुंदर आहे. पण लघुपटाला वेळ थोडा, आणि ही गोष्ट थोड्या वेळाची नाही.

वेळ आहे तो दैनंदिन मालिकेकडे. रोहिणीताईंनीच २००१ ते २०१३ ‘चार दिवस सासूचे’मध्ये आशालता देशमुख साकारली, तीन हजारांहून अधिक भाग. मालिकांना आपण पाणी घातलेलं कालवण म्हणतो, पण या विषयाला तोच संथपणा हवा. असं सांगणं एकदा सांगून संपत नाही, ते घरातल्या माणसागणिक नव्याने सांगावं लागतं. खेडमधल्या घराघरांत रात्री आठला जी मालिका चालू असते, तिच्यात एखादी मित्रा लेक म्हणून यावी. पहिल्या महिन्यात तिने थोरल्या बहिणीला सांगावं. बहिणीने ते पोटात ठेवावं आणि त्या ओझ्याने स्वतः चिडचिडी व्हावं. स्थळ सांगून यावं, नकाराचं कारण विचारलं जावं. आईला कळायला शंभर भाग लागोत. बापाने दोन आठवडे ताटावरून उठून जावं आणि तिसऱ्या आठवड्यात जेवायला थांबावं. सगळ्यात शेवटी तिने आजीला सांगावं, आणि ती आजी रोहिणी हट्टंगडींनी करावी.